ठिपका कुणावर?

पिस्तुलावर अंधारात चमकणारे ठिपके बसवावेत की लेसर? या प्रश्नावर वर्ध्यात राहणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या, मराठी वाङ्मय घेऊन बी.ए. झालेल्या निवृत्त मास्तरानं लिहायला बसावं, याचं मलाही हसू येतंय. पण प्रश्न घरातूनच आला आहे. आमच्या टेक्सासवाल्या पुतण्यानं (नातेवाईक मंडळींना नाव सांगायची गरज नाही, बाकीच्यांना सांगून उपयोग नाही) गेल्या दिवाळीनंतर ९ मिलिमीटरचं पिस्तूल घेतलं. त्यांच्या गल्लीत दोन भारतीय घरं फुटली. आपल्या लोकांच्या घरात सोनं असतं, हे तिकडच्या चोरांनाही आता पाठ झालंय म्हणे. पिस्तूल आलं, आणि आता त्याच्यावर काय बसवायचं याचा खल चालू आहे. दुकानदार म्हणतो नाईट साईट घ्या, मित्र म्हणतो लेसर घे. आणि पुतण्या म्हणतो, "काका, तुम्ही एनसीसीत होता ना, तुम्हीच सांगा."

तर हे त्याचं उत्तर. फोनवर बोलणं अर्धंच झालं, कारण त्याची मीटिंग होती आणि माझी बी.पी.च्या गोळीची वेळ. सगळ्यांना वाचता यावं म्हणून इथं लिहितोय. घरोघरची पोरं तिकडे आहेत, आज ना उद्या हा विषय आणखी कुणाच्या घरी निघेलच.

वर्ध्याचा माणूस म्हटल्यावर काहींना वाटेल, आता हा चरख्याची गोष्ट सांगणार. नाही सांगत. पिस्तूल घ्यावं की नाही हा वाद आमच्या घरात घालून झालाय आणि निकाल माझ्या बाजूनं लागलेला नाही. शिवाय आमचा जिल्हा बाहेरच्यांना वाटतो तेवढा निःशस्त्रही नाही. सेवाग्राम इथलंच आणि पुलगावचा दारूगोळ्याचा केंद्रीय डेपोही इथलाच. ३१ मे २०१६ च्या पहाटेआधी तिथं आग लागली, स्फोट झाले, आणि विझवायला धावलेले डेपोच्या अग्निशमन दलाचे लोक आणि लष्कराचे जवान-अधिकारी त्यात गेले. तेव्हा शस्त्र ही काय चीज आहे हे आम्हाला अगदीच ठाऊक नाही असं नाही.

आता माझा अधिकार किती, तेही सांगून टाकतो. शाळेत बारा वर्षं एनसीसीचं काम पाहिलं. त्यासाठी कामठीच्या अकादमीत शिक्षकांना पाठवतात, तिथं जाऊन आलो. नंतर दरवर्षी पोरांना .२२ रायफलीनं २५ मीटरवरून फायरिंग करवलं. पिस्तूल मी कधी चालवलेलं नाही. पण नेम धरायची पद्धत दोन्हींची एकच असते. मागच्या खाचेतून पुढचं टोक बघायचं, टोक खाचेच्या मधोमध आणायचं, वरच्या कडा सारख्या करायच्या आणि ते टोक लक्ष्यावर ठेवायचं. आम्ही पोरांना सांगायचो, तीन वस्तू एका रेषेत आणा, पण डोळा राहू द्या पुढच्या टोकावर. डोळ्याला एका वेळी एकाच अंतरावरचं स्पष्ट दिसतं. टोक स्पष्ट दिसलं पाहिजे, लक्ष्य थोडं धूसर चालतं. अंधार पडला की मात्र ही काळी खाच आणि काळं टोक दोन्ही दिसेनाशी होतात. या सगळ्या सामानाचा धंदा इथून सुरू होतो.

नाईट साईट म्हणजे त्याच खाचेच्या दोन्ही बाजूंना आणि टोकात बसवलेल्या बारक्या काचेच्या नळ्या, तांदळाच्या कणीएवढ्या. आत ट्रिटियम नावाचा वायू असतो. हा हायड्रोजनचाच किरणोत्सर्गी भाऊ. नळीला आतून एका चमकणाऱ्या पदार्थाचा लेप असतो. ट्रिटियममधून सुटणारे कण त्या लेपावर आपटत राहतात आणि तो मंद हिरवा उजळत राहतो. बॅटरी नाही, बटण नाही. ते कण इतके दुबळे की काच ओलांडून बाहेरही येत नाहीत, त्यामुळे किरणोत्सर्ग म्हटल्यावर सूनबाईनं घाबरायचं कारण नाही. आपल्याकडे बैलगाडीच्या आणि ट्रॉलीच्या मागे चिकटवतात त्या पट्टीला आपण 'रेडियम' म्हणतो, पण त्यात रेडियमचा कणही नसतो. ती पट्टी नुसता समोरून आलेला उजेड परत फेकते. नाईट साईट स्वतःच्या अंगच्या उजेडानं चमकते, जुन्या घड्याळांचे काटे चमकायचे तशी (त्यात मात्र खरोखरचं रेडियम असायचं). फक्त तिचं आयुष्य मोजकं. ट्रिटियम १२.३ वर्षांत निम्मं होतं. म्हणजे आज बसवलेले ठिपके आपली पाच वर्षांची चिमणी कॉलेजात जाईल तेव्हा निम्म्याहून कमी उजेड देत असतील.

लेसरची तऱ्हा वेगळी. तो नळीच्या खाली किंवा मुठीत बसतो आणि समोरच्या वस्तूवरच ठिपका टाकतो. जिथं ठिपका तिथं गोळी, असं विकणारा सांगतो. हे पूर्ण खरं नाही. लेसर नळीच्या इंचभर खाली असतो आणि दोन्हींच्या रेषा एका ठराविक अंतरावर मिळवून द्याव्या लागतात. दहा यार्डांवर मिळवल्या, तर वीस यार्डांवर त्या एकमेकींना ओलांडून पुन्हा इंचभर लांब गेलेल्या असतात. घरातल्या घरात इंचाचा फरक काही फार नाही, हे मान्य. पण लेसर धक्क्यानं हललेला नाही ना, बॅटरी संपलेली नाही ना, हे अधूनमधून तपासावं लागतं आणि माणूस ते विसरतो. ज्यानं घरातला स्मोक अलार्म टूंक-टूंक करायला लागल्यावर तीन आठवडे बॅटरी बदलली नाही, त्या माणसाबद्दल मी बोलतोय.

लाल की हिरवा, हा त्यातलाच पोटप्रश्न. इथं माझं मत हिरव्याकडे आहे, आणि ते पटवायला कुठलंही पुस्तक नको. मे महिन्यात संध्याकाळी गुलमोहराखाली बसून बघा. दिवसा डोळ्यात भरणारी ती लालभडक फुलं दिवस मावळताच आधी काळी पडतात, आणि पानं मात्र कितीतरी वेळ दिसत राहतात. अंधारात आपल्या डोळ्याची लाल रंगाची ओळख सगळ्यात आधी जाते. उन्हातही हिरवा ठिपका लालपेक्षा उठून दिसतो. हिरव्याला बॅटरी मात्र जास्त लागते. असो.

आता मुद्द्यावर येतो. पुतण्याला मी अंधाराचा हिशेब मांडून दाखवला. घरात माणूस ओळखू येण्याइतका उजेड आहे, तर साधी काळी साईटही बहुतेक वेळा दिसते. माणूस ओळखू येत नाही इतका अंधार आहे, तर नाईट साईट कितीही सुंदर चमको, गोळी झाडायचा प्रश्नच येत नाही. आणि टॉर्च मारला, तर उजळलेल्या माणसापुढे काळी साईट छायेसारखी ठळक उठते, उलट चमकणारे ठिपकेच त्या झगझगाटात हरवतात. मग नाईट साईटचा उपयोग नेमका कधी? माणूस ओळखू येतो पण साईट दिसत नाही, अशा मधल्या चिंचोळ्या पट्टीत. दिवेलागणीनंतरची काही मिनिटं म्हणा, किंवा तुम्ही अंधारात उभे आणि तो रस्त्यावरच्या दिव्याखाली. पोलिसाला असे प्रसंग येतात, पहाऱ्यावरच्या जवानाला येतात. रात्री अडीच वाजता गाढ झोपेतून उठलेल्या घरमालकाला फारच क्वचित.

लेसरचं तेच, थोडं अधिकच. ठिपका दिसला की माणसाचं सगळं लक्ष ठिपक्यावर जातं. हात थरथरत असतो, ठिपका नाचत असतो आणि माणूस तो स्थिर करण्याच्या मागे लागतो. ज्याच्या अंगावर ठिपका आहे तो माणूस कोण, त्याच्या हातात काय आहे, हे बघायचं राहूनच जातं. 'लाल ठिपका छातीवर पडला की चोर पळतो' ही सिनेमातली समजूत. अंधारात स्वतःच्या छातीकडे बघत कोण चालतं? आणखी एक. टेक्सासची घरं आपल्यासारखी विटांच्या भिंतींची नाहीत. आतल्या भिंती जिप्समच्या पातळ फळ्यांच्या. लेसरचा ठिपका त्या भिंतीवर थांबतो, ९ मिलिमीटरची गोळी थांबत नाही. आणि त्यांच्या घराचा नकाशा मला पाठ आहे. जिन्याच्या तोंडाशी उभं राहून हॉलच्या दिशेनं पिस्तूल धरलं, की पलीकडच्या भिंतीमागे चिमणीचा पलंग आहे.

चिमणीवरून आठवलं. आपल्याकडे जत्रेत, आठवडी बाजारात लेसरचं खेळणं मिळतं. भिंतीवर ठिपका नाचवायचा आणि मांजरीनं त्यामागे धावायचं. ती गेल्या वेळी इथं आली तेव्हा चार दिवस तोच खेळ चालू होता. त्या पोरीच्या मनात लाल ठिपका म्हणजे गंमत. आणि उशाच्या ड्रॉवरमध्ये अंधारात हिरवे तीन डोळे चमकणारी वस्तू दिसली, तर पाच वर्षांचं मूल हात लावल्याशिवाय राहील का? पिस्तूल कुलूपबंद पेटीतच राहणार असं तो शपथेवर सांगतो. सूनबाईचं यावर काय म्हणणं आहे ते मी विचारलेलं नाही, पण फोन स्पीकरवर होता आणि मागून भांड्यांचा आवाज जरा मोठा येत होता.

लेसरच्या बाजूनं एक गोष्ट मात्र मी मानतो, आणि ती माझ्याच वयाची आहे. चाळिशीनंतर जवळचं दिसणं कमी होतं. साठीनंतर हाताच्या अंतरावरचं ते पुढचं टोक चष्म्याच्या वरच्या काचेतून धूसर, खालच्या काचेतूनही धूसर. रात्री झोपेतून उठल्यावर तर चष्माच कुठे ठेवलाय ते सापडत नाही. लेसरचा ठिपका लक्ष्यावर असतो, म्हणजे डोळ्याला एकच अंतर सांभाळायचं. म्हाताऱ्या डोळ्यांना, हात दुखावलेल्याला, खाली पडून पिस्तूल डोळ्यासमोर आणू न शकणाऱ्याला ही खरीच सोय आहे. आणि सरावालाही तो चांगला. रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढताना ठिपका किती हलतो ते बघितलं, की बोट कसं चुकतं ते लगेच कळतं. आम्ही एनसीसीच्या पोरांना हे शिकवायला रायफलीच्या नळीवर नाणं ठेवायचो. चाप ओढला आणि नाणं पडलं, की पुन्हा पहिल्यापासून. पण पुतण्याची अजून चाळिशीही आलेली नाही, आणि चष्म्याचा नंबर साधा आहे.

खरी भीती मला दुसरीच वाटते. दक्षिण आफ्रिकेचा धावपटू ऑस्कर पिस्टोरियस आठवतो ना? दोन्ही पाय नसताना २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये धावला, तेव्हा त्याचं कौतुक आपल्याकडेही झालं होतं. १४ फेब्रुवारी २०१३ च्या पहाटे प्रिटोरियातल्या घरात त्यानं बाथरूममधल्या बंद दारातून चार गोळ्या झाडल्या. आत चोर शिरलाय असं मला वाटलं, असं त्यानं कोर्टात सांगितलं. आत त्याची मैत्रीण रीवा स्टीनकँप होती. आधी सदोष मनुष्यवध ठरला, मग २०१५ च्या डिसेंबरात अपील न्यायालयानं तो खून ठरवला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं की, दारामागे कोण आहे याला महत्त्व नाही. त्या एवढ्याशा खोलीत कुणीही असलं तरी मरेल, हे गोळ्या झाडणाऱ्याला कळत होतं. तो खरं बोलत होता की खोटं, यावर लोक अजून वाद घालतात. मला त्या वादात पडायचं नाही. समजा खरं बोलत होता. मग नेमात काय चूक होती? चारांपैकी तीन गोळ्या लागल्या. दार न उघडता, अंधारात. नेम उत्तमच होता म्हणायचा.

दुसरी गोष्ट १३ एप्रिल २०२३ च्या रात्रीची, अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीची. राल्फ यार्ल नावाचा १६ वर्षांचा मुलगा धाकट्या भावंडांना आणायला निघाला. पत्त्यात घोळ झाला आणि त्यानं भलत्याच घराची बेल वाजवली. घरमालक ८४ वर्षांचे. त्यांनी काचेच्या दारातूनच दोन गोळ्या झाडल्या, एक डोक्याला आणि एक हाताला लागली. मुलगा वाचला, हे नशीब. म्हाताऱ्या गृहस्थांनी २०२५ च्या फेब्रुवारीत गुन्हा कबूल केला आणि शिक्षा व्हायच्या आधीच, त्याच महिन्यात, ते वारले. हे वाचल्यावर मला त्या मुलाइतकंच त्या म्हाताऱ्याबद्दलही वाटत राहिलं. ८४ वर्षांचा माणूस, रात्री दहाच्या सुमाराला बेल वाजते, दारात अनोळखी उंच आकृती. तो घाबरला असणार यात शंका नाही. त्याच्या दोन यार्डांच्या अंतराला ना नाईट साईट लागत होती ना लेसर. त्यानं दारातून "कोण आहे?" एवढं विचारून उत्तर ऐकून घ्यायला हवं होतं.

कायद्यालाही रात्र वेगळी वाटते, बरं का. टेक्सासच्या कायद्यात मालमत्ता वाचवण्यासाठी जीवघेणं बळ कधी वापरता येईल हे सांगताना रात्रीच्या चोरीचा वेगळा उल्लेख आहे. आपल्याकडेही १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ४१ मध्ये सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी केलेली घरफोडी वेगळी मोजली आहे. जुन्या दंड संहितेत तीच 'रात्रीची घरफोडी' होती. रात्री माणूस एकटा असतो, मदत लांब असते, म्हणून कायदा त्याला थोडी जास्त मोकळीक देतो. पण दिसतंही रात्रीच कमी. मोकळीक जास्त आणि नजर कमी, अशी ही जोडी आहे.

(आपल्याकडच्या वाचकांसाठी: इथं ९ मिलिमीटरचं पिस्तूल साध्या नागरिकाला मिळत नाही, ते प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतं. परवाना मिळालाच तर .३२ चं रिव्हॉल्वर किंवा पिस्तूल. कानपूरच्या कारखान्यानं २०१४ साली बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं हलकं .३२ रिव्हॉल्वर काढलं, तेव्हा त्याची किंमत लाखाच्या वर होती. तेवढ्यात माझ्या ओळखीच्या किती घरांना मजबूत दार आणि अंगणात दिवा लागला असता, असं तेव्हाही मनात आलं होतं.)

आमच्या भागात अंधारात राखण करणारी माणसं कमी नाहीत. हरभरा, तूर, गहू उभा असला की रानडुकरं आणि रोही रात्रीत वावर साफ करतात. मग माळ्यावर बसून जागल करायची. बोरच्या जंगलालगतच्या गावांत तर डुकराच्या जागी वाघही असू शकतो. कायद्यात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची सोय आहे, पण बहुतेकांकडे असते काठी, फटाके आणि बॅटरी. (बॅटरी म्हणजे टॉर्च. पुण्या-मुंबईच्या वाचकांनो, वैदर्भी वाचताय.) आमच्या वडिलांच्या वावरात एक म्हातारा जागल्या होता. नव्या पोराला माळ्यावर चढवताना तो सांगायचा, "आंधी आवाज दे, मंग बॅटरी मार, मंग काठी उचल." क्रम बदलला तर तो रागवायचा. कारण वावरातून रात्री डुकरंच जातात असं नाही. शेजारचा पाणी द्यायला आलेला असतो, कारण कृषिपंपाची लाईट पुष्कळदा रात्री येते. कुणी परसाकडे गेलेला असतो. कुणाचा बैल सुटलेला असतो. दगड भिरकावला आणि "अबे मी हाओ!" असं ओरडणं ऐकू आलं, असे किस्से गावोगाव आहेत. दगडाचा किस्सा होतो, हसून सांगता येतो. गोळीचा नाही होत.

सेवाग्रामच्या आश्रमात गेलात तर तिथं साप पकडायचा चिमटा आणि पिंजरा ठेवलेला दिसेल. त्या भागात साप पुष्कळ. मारायचा नाही, पकडून लांब सोडायचा, ही तिथली रीत. शाळेच्या सहली घेऊन किती वेळा गेलो, पोरं चरख्यापेक्षा त्या चिमट्यापाशी जास्त रेंगाळायची. मी इथं अहिंसेसाठी त्याची आठवण काढत नाही. चिमट्यानं साप धरायचा तर त्याचं डोकं कुठल्या बाजूला आहे हे आधी बघावंच लागतं. म्हणजे आधी कंदील.

पिस्तूल शिकवणारेही वेगळं काही सांगत नाहीत. जेफ कूपर नावाचे अमेरिकेतले एक नावाजलेले शिक्षक होऊन गेले. शस्त्र हाताळायचे त्यांचे चार नियम तिकडे सगळीकडे शिकवतात. त्यातला चौथा नियम, लक्ष्य कोण आहे आणि त्याच्या मागे काय आहे याची खात्री करा. दुसरा नियम, जे नष्ट करायची तुमची तयारी नाही त्यावर नळी रोखू नका. हा दुसरा नियम मी पुतण्याला मुद्दाम दोनदा वाचून दाखवला, कारण त्याचा तिसरा बेत होता पिस्तुलाच्याच खाली टॉर्च बसवायचा. टॉर्च हवाच, पण तो पिस्तुलाला जोडलेला एकुलता एक टॉर्च नको. कारण मग कोण आहे हे बघायला सुद्धा त्याच्याकडे नळी रोखावी लागते. बघायचा टॉर्च वेगळ्या हातात हवा.

"पण काका, टॉर्च लावला की चोराला मीच दिसेन ना," असं तो म्हणाला. बरोबर आहे. ही किंमत आहेच आणि ती मी लपवत नाही. पण त्याला पर्यायही आहेत. हॉलचा आणि जिन्याचा दिवा बेडरूममधून लावता येईल असं बटण, म्हणजे तुम्ही अंधारात आणि तो उजेडात. हालचाल झाली की आपोआप लागणारे दिवे मागच्या दाराला आणि गॅरेजला. आणि सगळ्यात आधी, शोधायला बाहेर पडायचंच नाही. चिमणीला आपल्या खोलीत आणायचं, दार लावायचं, ९११ ला फोन करायचा आणि मोठ्यानं ओरडायचं, पोलीस येताहेत म्हणून. सोनं गेलं तर गेलं. (वहिनी, तुमच्या पाटल्या तिकडे नेऊ नका असं मी तेव्हाच म्हटलं होतं.)

आता थोडं स्वतःविषयी. माझ्या वयाचा पुरुष रात्री दोनदा, कधी तीनदा उठतो. ते का, हे सांगायला नको. मागच्या मुक्कामात त्यांच्या त्या अवाढव्य घरात मी रात्री पाहुण्यांच्या खोलीतून निघायचो, भिंतीला हात लावत लावत चालायचो. दिवा लावत नसे, कारण उगाच कुणाची झोप मोडायला नको. अंगावर पांढरा सदरा, खाली पायजमा. एकदा पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो आणि फ्रिजचं दार उघडून उभा राहिलो. ती आकृती त्या घरात कुणाला ओळखीची वाटेल आणि कुणाला नाही, ते सांगता येत नाही. २०१५ च्या फेब्रुवारीत अलाबामातल्या मॅडिसन गावात सुरेशभाई पटेल हे गुजराती आजोबा मुलाच्या घराजवळ नुसते फिरत होते. कुणीतरी संशयित म्हणून पोलिसांना फोन केला आणि त्यांना जमिनीवर आपटलं गेलं. ते तर दिवसाउजेडी, रस्त्यावर. इंग्रजी येत नव्हतं. मला येतं, पण झोपेत असताना कुणी इंग्रजीत दरडावलं, तर माझ्या तोंडून आधी मराठीच निघेल.

तर बाबा, माझं मत विचारलंस म्हणून: नाईट साईट आत्ता घेऊ नकोस. पिस्तुलाला मुळात आलेली साईट तुझ्या डोळ्यांना पुरेशी आहे. तिचा सराव रेंजवर जाऊन कर, महिन्यातून एकदा तरी. लेसर घ्यायचाच असेल तर हिरवा घे आणि रिकाम्या पिस्तुलावर चाप ओढायचा सराव करायला वापर. घरात हवा तेव्हा काढून ठेवता येईल असाच घे. पैसे आधी दोन चांगल्या टॉर्चवर घाल, एक तुझ्या उशाशी, एक सूनबाईच्या. मग जिन्याचं बटण, मग मागच्या दाराचे दिवे. इलेक्ट्रिशियन तिकडे महाग आहे ते मला माहीत आहे, पण लेसरपेक्षा नसावा.

आणि आम्ही दोघं डिसेंबरात येतोय. पाहुण्यांच्या खोलीपासून बाथरूमपर्यंतच्या बोळात एक झीरोचा बल्ब तेवढा लावून ठेव.